‘मामाला नाही म्हणता येत नाही’ : पुण्यातल्या एका शाळेचं प्रकरण

५ ऑगस्ट २०२४. पहिला श्रावणी सोमवार, त्यामुळे शाळा अर्धा दिवस. घंटा झाली, मुलं घरी पळाली, आणि मुख्याध्यापिका बाईंच्या खोलीत नववीची तीन मुलं, त्यांचे पालक, वर्गशिक्षक सर आणि मी एवढेच उरलो. मी त्या शाळेत आठवड्यातून दोन दिवस समुपदेशक म्हणून जाते. शाळा धनकवडीच्या बाजूची, अनुदानित, मराठी माध्यमाची. मुलांची ओळख लागू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

आदल्या दिवशी रविवारी गटारी होती. त्या आठवड्यात पुण्यात पाऊस नुसता कोसळत होता. पावसामुळे काम थांबलेल्या एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर ही तिघं बसली. कोल्ड्रिंकच्या दोन लिटरच्या बाटलीत बिअर आणि व्हिस्कीची एक क्वार्टर मिसळलेली, चखण्याला शेंगदाणे आणि फरसाण. तासाभरात एकाला उलट्या सुरू झाल्या आणि तो तिथेच आडवा झाला. दुसऱ्यानं त्याला उठवून चालवायचा प्रयत्न केला, डोक्यावर पाणी ओतलं. तिसरा भर पावसात लिंबू शोधायला धावला. घरी फोन मात्र कुणीच केला नाही. खालच्या वॉचमनकाकांना आवाज आला म्हणून ते वर गेले, तर मुलगा उताणा पडलेला. त्यांनी त्याला कुशीवर वळवलं, तोंड पुसलं, आणि अंगातल्या कबड्डीच्या टी-शर्टवर शाळेचं नाव दिसलं म्हणून ओळखीच्या आमच्या शिपाईमामांना फोन लावला. मुलगा रात्रभर दवाखान्यात होता. सकाळी घरी आला.

लिंबाचा तपशील मी मुद्दाम सांगते आहे. लिंबू, ताक, गार पाणी, यांतल्या कशानंही दारू उतरत नाही. यकृत ती आपल्याच गतीनं पचवतं. शुद्ध हरपत चाललेल्या माणसाला चालवायचं नसतं आणि उताणं तर मुळीच ठेवायचं नसतं, कारण उलटी श्वासनलिकेत जाऊन जीव जाऊ शकतो. कुशीवर वळवायचं, एकटं सोडायचं नाही, १०८ ला फोन करायचा. वॉचमनकाकांना हे कुणी शिकवलं होतं कोण जाणे. आमच्या मुलांना आम्ही शिकवलं नव्हतं.

आणि शिकवलं नव्हतं, असं म्हणायचीही सोय नव्हती. नववीच्या वर्गात फळ्याशेजारच्या सूचनाफलकावर ‘व्यसनमुक्त विद्यार्थी’ अशी रंगीत प्रमाणपत्रं टाचलेली होती. तिघांचीही होती. ज्या मुलाला सलाइन लागलं, त्याच्या प्रमाणपत्रावर गुण होते २० पैकी २०.

ते प्रमाणपत्र कुठून आलं

१९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरात पोर्श गाडीनं दुचाकीवरच्या दोन तरुण अभियंत्यांना उडवलं. दोघंही गेली. गाडी चालवणारा १७ वर्षांचा होता, बारावीच्या निकालाच्या आनंदात मित्रांबरोबर पबमध्ये दारू पिऊन निघाला होता, असा पोलिसांचा आरोप. त्याला जामीन देताना घातलेल्या अटींमध्ये ३०० शब्दांचा निबंध होता, आणि त्यावरून सगळं शहर पेटून उठलं. जून महिन्यात शाळा उघडल्या तेव्हा प्रत्येक पालकाच्या तोंडी हाच विषय. ‘शाळा काय करतेय?’ हा प्रश्न आमच्याही दारात आला.

त्याच वेळी एका कंपनीनं आपला डिजिटल कार्यक्रम शाळेला देणगी म्हणून दिला. चार मॉड्यूल, प्रत्येकात एक व्हिडिओ, शेवटी २० प्रश्नांची चाचणी, पास झालं की प्रमाणपत्र. आम्ही आभार मानून घेतला. जुलैत दोन दिवसांत दोन्ही तुकड्यांचा उरकला. ‘उरकला’ हाच शब्द बरोबर आहे. मी स्वतः तिथे होते आणि मलाही त्या वेळी काही खटकलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

त्या व्हिडिओत एका बंगल्याच्या हिरवळीवर पार्टी चालली होती. आईवडील बाहेरगावी गेलेले, स्विमिंग पूल, लाल कागदी पेले, आणि एक मुलगा दुसऱ्याला म्हणतो, “मित्रा, तुला मद्य आवडेल का?” वर्ग हसला. आमच्याकडे कुणी कुणाला मित्रा म्हणत नाही, मद्य तर फक्त पाठ्यपुस्तकात असतं. आमची मुलं दोन खोल्यांत पाच-सहा माणसांबरोबर राहतात. आईवडील बाहेरगावी गेले तरी आजी घरात असते. चाचणीतले प्रश्न असे: ‘मद्यपानाने कोणत्या अवयवाला हानी होते?’ पर्याय: यकृत, नख, केस, यांपैकी नाही. याला २० पैकी २० पडणारच.

खोलीत काय झालं

मुख्याध्यापिका बाई चांगल्या आहेत, कडक आहेत आणि त्या दिवशी घाबरलेल्या होत्या. त्यांनी सांगितलं, तिघांनाही शाळा सोडल्याचा दाखला देऊन मोकळं करायचं. आठवीपर्यंत शिक्षणहक्क कायद्यानं मुलाला शाळेतून काढता येत नाही. नववीला ती ढाल नाही. मी एवढंच म्हटलं, “बाई, दाखला दिला तर गटारीला आणखी तीन मुलं कुठेतरी बसतील, फक्त फोन कुणीच करणार नाही. शिपाईमामांनासुद्धा नाही.” वर्गशिक्षक सर माझ्या बाजूनं बोलले. बाईंनी शेवटी महिनाभराची मुदत दिली: तिघं रोज शाळेत येतील, माझ्याशी बोलतील, मग ठरवू.

ज्याला सलाइन लागलं त्याला इथे मी कीपर म्हणते, कारण क्रिकेटमध्ये तो स्टंपमागे उभा राहतो. तीन भेटी तो काहीच बोलला नाही. चौथ्या भेटीत मी विचारलं, पहिल्यांदा कधी घेतलीस? मला वाटलं होतं, मित्रांचं नाव येईल. तो म्हणाला, “मे महिन्यात. मावशीच्या हळदीला. मामानं दिली.”

लग्नाच्या आदल्या दिवशीची हळद, मंडप, डीजे, मागच्या बाजूला टेम्पोच्या आडोशाला मोठ्यांची बैठक. मामानं हाक मारली, “ये रे इकडे. घे. बिअरनं काय होतंय! मोठा झालास आता.” सगळे बघत होते, सगळे हसत होते. त्यानं घेतली. कडू लागली. मामानं पाठीवर थाप मारली. आणि गटारीची बाटली? ती चुलतभावानं आणून दिली होती, “तुम्ही तिघं बसा, मला दुसरीकडे जायचंय,” म्हणून.

म्हणजे आम्ही त्या मुलाला दोन तास मित्राला ‘नाही’ म्हणायला शिकवलं, आणि त्याला ग्लास देणारी दोन्ही माणसं त्याच्या वयाची नव्हतीच. एक मामा आणि एक दादा. ज्यांच्या पाया पडायचं, ज्यांचा शब्द मोडायचा नाही, असं ज्या मुलाला समज आल्यापासून सांगितलं, त्याच मुलाकडून आपण अपेक्षा करतो की त्यानं सगळ्या पाहुण्यांसमोर त्यांना ‘नाही’ म्हणावं. तेही एका व्हिडिओच्या जोरावर.

वाचलं ते

मी महिनाभर जे मिळेल ते वाचलं. अमेरिकेत १९८३ साली लॉस एंजेलिसमध्ये सुरू झालेला ‘डेअर’ हा कार्यक्रम हजारो शाळांत गेला. गणवेशातला पोलीस वर्गात येऊन व्यसनांचे धोके सांगायचा. वर्षानुवर्षं अभ्यास झाले आणि मुलांच्या पिण्यावर त्याचा म्हणावा असा फरक दिसला नाही. भीती घालून आणि माहिती देऊन भागत नाही, हे तेव्हाच स्पष्ट झालं होतं. आमच्या चार मॉड्यूलचा सांगाडा तोच होता, फक्त पोलिसाच्या जागी पडदा.

ऑस्ट्रेलियातलं काम वेगळ्या वळणाचं आहे. सिडनीच्या संशोधकांनी ‘क्लायमेट स्कूल्स’ नावाचा कार्यक्रम उभा केला. आता तो ‘अवर फ्युचर्स’ या नावानं चालतो. ४० मिनिटांचे धडे, संगणकावर व्यंगचित्रांतून उलगडणारी कुमारवयीन मुलांची गोष्ट, आणि प्रत्येक धड्यानंतर वर्गात शिक्षकांबरोबर कृती. चित्रकथेची दृश्यं आणि बोलणं मुलांना विचारूनच तयार केलेलं. त्यांनी २६ शाळांमध्ये, दोन हजारांहून जास्त मुलांवर हे पारखलं. सोबत मुलाच्या स्वभावानुसार केलेल्या छोट्या गटांचाही प्रयोग होता. तीन वर्षांनी कार्यक्रमातल्या मुलांचं पिणं तुलनेच्या शाळांपेक्षा कमी होतं, आणि सात वर्षांनी पुन्हा पाहिलं तेव्हाही दारूमुळे होणाऱ्या हानीत फरक टिकून होता. मला त्यात संगणकापेक्षा दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटल्या: गोष्ट मुलांची होती, आणि पडदा बंद झाल्यावर वर्ग बोलत होता.

दुसरा धडा आपल्याच देशातला. बिहारमध्ये नालंदा जिल्ह्यातल्या ७४ शाळांमध्ये ‘सेहेर’ नावाचा अभ्यास झाला. विषय दारू नव्हता. शाळेतलं वातावरण, दादागिरी, निराशा हे होते. एकच कार्यक्रम काही शाळांत शिक्षकांनी चालवला, काही शाळांत खास नेमलेल्या, डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांनी. समुपदेशकांच्या शाळांत स्पष्ट फरक पडला, शिक्षकांच्या शाळांत पडला नाही. हे शिक्षकांना कमी लेखण्यासाठी सांगत नाही. आमच्या सरांच्या डोक्यावर सहामाही, शालार्थ पोर्टलवरची पगारबिलं, निवडणुकीची ड्युटी, सगळंच असतं. आणि जो माणूस गुण देतो त्याच्यासमोर मूल खरं बोलेल कसं?

दारू जितक्या लहानपणी सुरू होते तितका पुढचा धोका वाढतो, हे तर जुनं निरीक्षण आहे. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन पाहणीत, १५ वर्षांच्या आत सुरुवात करणाऱ्यांमध्ये पुढे व्यसन जडण्याचं प्रमाण विशीनंतर सुरुवात करणाऱ्यांच्या जवळपास चौपट निघालं होतं. मेंदूचा आवर घालणारा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो. म्हणून ‘एका घोटानं काय होतंय’ हे वाक्य मला आता ऐकवत नाही.

आम्ही काय बनवलं

संगणकाचे सर, चित्रकलेच्या बाई आणि मी असे तिघं बसलो. कीपर आणि त्याचे दोघं मित्रही बसले. ही त्यांची शिक्षा नव्हती, मी त्यांना तशी विनंतीच केली होती. सहा धडे ठरले. साध्या स्लाइडवर चित्रं, खाली बटणं, बटण दाबलं की गोष्ट त्या दिशेला जाते. सगळं पेनड्राइव्हवर, कारण आमच्याकडे इंटरनेट कधी जाईल त्याचा भरवसा नाही. दृश्यं अशी: हळदीचा मंडप. विसर्जन मिरवणुकीत मंडळाच्या गाडीमागे. गच्चीवरची ३१ डिसेंबर. शेजारचे काका चखणा आणि सोडा आणायला पाठवतात तो प्रसंग. पाचवा धडा अवयवांचा आणि आकड्यांचा, आणि सहावा पूर्ण धडा ‘मित्र पडलाय, आता काय’ याचा: कुशीवर वळवणं, १०८, आणि घरच्यांना काय सांगायचं.

दिवाळीनंतर सुरू करायचं होतं, पण २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान. शिक्षक ड्युटीवर, शाळेत केंद्र. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कसाबसा पहिला तास मिळाला.

संगणक कक्षात १२ यंत्रं, चालू ९. एका यंत्रावर दोघं बसवले तर खरं उत्तर कुणीच देणार नाही. म्हणून तुकडीचे गट पाडले, पाळीपाळीनं आत, बाकीचे वाचनालयात. शिपाईमामांनी किराणा दुकानातून खोकी आणली, त्यांचे पुठ्ठे कापून दोन पडद्यांच्या मध्ये आडोसे उभे केले. एका पुठ्ठ्यावर साबणाची जाहिरात होती. मुलांना ते आडोसे फार आवडले. मोठ्यांच्या जगात त्यांना इतकी आडोशाची जागा कुठेच मिळत नाही.

हळदीचा धडा

पडद्यावर मंडप. मामाच्या हातात प्लॅस्टिकचा ग्लास. “घे रे, बिअरनं काय होतंय.” खाली तीन बटणं. पहिलं होतं, ‘नाही मामा, दारू आरोग्याला हानिकारक आहे.’ हे मी लिहिलं होतं. वाचून कक्षात खसखस पिकली. मागून एक जण म्हणाला, “ताई, असं म्हटलं तर मामा चप्पल काढेल.” बरोबर होतं त्याचं. त्या दिवशी ते बटण काढून टाकलं आणि त्या जागी एक मोकळी चौकट ठेवली: ‘तू खरं काय म्हणशील?’

मुलं मराठी टाइप करायला शिकलेली नव्हती, इंग्रजी अक्षरांतून उमटवत होती, त्यामुळे बराच वेळ नुसता कळांचा आवाज. नंतर मी एकेक उत्तर वाचलं, नाव नव्हतंच. ‘उद्या मॅच आहे मामा.’ ‘उलटी होते मला.’ ‘आईला वास येईल, ती तुम्हालाच बोलेल.’ ‘घेईन आणि झाडाला घालेन.’ ‘डीजेकडे जाऊन नाचेन.’ आणि एक उत्तर एवढंच: ‘मामाला नाही म्हणता येत नाही.’

हे उत्तर मी वर्गात फळ्यावर लिहिलं. कुणाचं ते कुणाला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. विचारलं, हे कुणाकुणाला पटतं? बरेच हात वर गेले. मुलींचेही गेले, आणि त्यांच्यातली एक म्हणाली, “आम्हाला ग्लास कुणी देत नाही ताई, पण आणायला आम्हालाच सांगतात.” मग पुढची २० मिनिटं आम्ही काही ‘शिकवलं’ नाही. मुलांनीच एकमेकांना मामा, काका, दादा होऊन दाखवलं आणि समोरच्यानं शब्द न मोडता सुटायचं कसं, ते करून पाहिलं. मान राखून नकार देण्याच्या युक्त्या आपल्या घराघरांत असतात. जेवताना आग्रह टाळायला आपण त्याच वापरतो. ताटावर आडवा हात धरून ‘पोट भरलं हो’ म्हणणारं मूल ग्लासवरही हात धरू शकतं, फक्त ते कधी तोंडानं बोलून पाहिलेलं असायला हवं. मोठ्यानं, दोनचार जणांसमोर, हसू येत असताना. पडद्यानं मुलाला एकट्यानं खरं लिहू दिलं. तोंड उघडायला माणसंच लागली.

आकड्यांचा तास

पाचव्या धड्यात एक प्रश्न होता: भारतात १० ते १७ वयाच्या शंभर मुलांमागे किती जण दारू पितात? बहुतेकांनी तीस, चाळीस, पन्नास असे आकडे टाकले. एकानं ऐंशी. मग पडद्यावर उत्तर आलं. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत, जी दिल्लीच्या एम्सनं केली, हे प्रमाण १.३ टक्के होतं. मोठ्यांमध्ये १७ टक्क्यांच्या आसपास.

“खोटंय ताई!” अशी एकच ओरड. मला तो आरडाओरडा ऐकून आनंद झाला. मी म्हटलं, समजा मुलांनी लाजून कमी सांगितलं. दुप्पट करा, पाचपट करा. तरी पन्नास होतात का? शांतता. मग तुम्हाला पन्नास का वाटले? पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, “जो पितो तो स्टेटस टाकतो. जो घरी वरणभात खातो तो कशाला टाकेल?” माझ्या हातात तासभर असता तरी मला हे इतकं नेमकं सांगता आलं नसतं. ‘सगळेच पितात’ हा समज मुलांना जितका ढकलतो तितकं दुसरं थोडंच काही ढकलतं. संशोधक अनेक वर्षं हेच सांगत आले आहेत, पण ते वर्गातल्या पोरीच्या तोंडून आलं की पोरांना पटतं.

माझ्या बाबांचं चित्र

त्याच धड्यात आमची मोठी चूक झाली. यकृताच्या चित्राशेजारी आम्ही एक दारुडा काढला होता: फाटका बनियन, गटाराच्या कडेला पडलेला, तोंडावर माश्या. एका मुलीनं मध्येच आपला पडदा बंद केला आणि मान खाली घालून बसली. मी तिला तिथे काही विचारलं नाही. प्रत्येक धड्याच्या शेवटी एक चौकट असायची, ‘ताईंशी बोलायचंय’, तिथे नाव लिहिलं तरच ते मला कळायचं. तिनं नाव लिहिलं होतं. खाली एक ओळ: ‘माझ्या बाबांचं चित्र काढू नका.’

ते चित्र आम्ही त्याच दिवशी काढून टाकलं. वर्गात व्यसनाविषयी बोलताना तिथे व्यसनी माणसाची मुलं बसलेली असतात, हे मला कळायला हवं होतं. व्यसन हा आजार आहे, आजारी माणसाची टिंगल करायची नसते, हे पुण्याला कुणी नव्यानं सांगायला नको. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये येरवड्याला ‘मुक्तांगण’ सुरू केलं, पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंचा हात पाठीशी होता, तेव्हापासून हे शहर तेच ऐकत आलंय. मुलीच्या आईशी मी बोलले. त्यांना मुक्तांगणचा रस्ता सांगितला, १४४४६ हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय मदत क्रमांक लिहून दिला. बाबा एकदा जाऊन आले, पुन्हा गेले नाहीत. आई मात्र माझ्याकडे येतात. मुलगीही येते. नव्या चित्रात आता पाठमोरा माणूस आहे, दारात उभा, आणि आत एक मुलगी अभ्यास करते आहे. ती म्हणाली, हे चालेल.

हळदीच्या धड्यातल्या मोकळ्या चौकटीवरून बाईंचा आणि माझा एकदा वाद झाला. त्यांचं म्हणणं, ‘नाही म्हणता येत नाही’ लिहिणारा कोण, ते शोधा. संगणकाच्या सरांना यंत्रावरून काढता येईल. सरांनी नकार दिला. मीही दिला. २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायदा १८ वर्षांखालच्या मुलाची माहिती गोळा करायची तर पालकांची संमती मागतो. आम्ही धडे सुरू करतानाच पालकांना चिठ्ठी देऊन सांगितलं होतं की नावं घेणार नाही, आणि चौकटीत स्वतःहून लिहिलेलं नाव फक्त माझ्याकडे राहील. पण कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं. एकदा शब्द मोडला असता, तर पुढच्या वर्षी सगळ्यांनी ‘यकृत’ लिहून २० पैकी २० मिळवले असते.

मोठ्यांचा धडा

डिसेंबरच्या पालकसभेत मी मुलांविषयी बोललेच नाही. बाल न्याय कायदा, २०१५, कलम ७७ वाचून दाखवलं: डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज मुलाला दारू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. कलम ७८: मुलाकडून दारूची ने-आण करवून घेतली तरी तेवढीच शिक्षा. महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठीसुद्धा वय २१, बाकी दारूसाठी २५. सभागृहात कुजबुज थांबली. मागे उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी विचारलं, “म्हणजे घरात, आपल्याच पोराला, एक घोट दिला तरी?” मी म्हटलं, “हो दादा, तरीही.” ते बराच वेळ खाली बघत होते.

कीपरच्या आईनं सभेनंतर मला बाजूला घेतलं. मामा म्हणजे त्यांचा सख्खा भाऊ. ऑगस्टपासून त्या त्याच्याशी धड बोलल्या नव्हत्या, आणि भांडल्याही नव्हत्या. माहेर तुटायची भीती. भाऊबीजेला तो आला. त्यांनी ओवाळलं. त्यानं ताटात पाकीट ठेवलं. त्या म्हणाल्या, “हे नको. माझ्या पोराच्या हातात परत ग्लास देणार नाहीस, एवढंच दे.” तो रडला, म्हणाला, मला वाटलं लाडच करतोय. हे ऐकून मला आमच्या सहा धड्यांचा अभिमान जरा आवरावा लागला. ज्या घरात ग्लास देणाराच थांबला, तिथे मुलाला ‘नाही’ म्हणायची वेळच येत नाही.

पुढच्या वर्षी

दाखला कुणालाच दिला गेला नाही. तिघंही दहावीत गेले. दोन तुकड्यांवरून शाळेतली दारू कमी झाली असं मी म्हणणार नाही. ते ठरवायला तुलनेच्या शाळा आणि वर्षं लागतात. माझ्या डोळ्यांसमोर घडलं ते एवढं: त्या चौकटीत नाव लिहून माझ्याकडे येणारी मुलं वाढली, आणि ३१ डिसेंबरच्या रात्री एका मुलानं गच्चीवरून आईला फोन करून सांगितलं, “दादाला उलट्या होतायत, मी कुशीवर वळवलंय, तू ये.” ती आई दुसऱ्या दिवशी शाळेत आली तेव्हा बोलायचं सोडून माझा हात धरून उभी राहिली.

वेळापत्रक आम्ही बदललं. २०२५ ची गटारी २४ जुलैला, गुरुवारी होती, म्हणून धडे जूनच्या अखेरीस सुरू केले. चालू यंत्रं आता ११ आहेत. कोपऱ्यावरची बिअर शॉपी आहे तिथेच आहे, आणि तिच्यासमोर दुपारी शाळेचा गणवेश दिसला की शिपाईमामा छत्री घेऊन तिथे जाऊन उभे राहतात.

कीपर दहावीचा जादा तास संपवून संगणक कक्षात आला होता. नव्या धड्यात दादाचा प्रसंग घालायचा होता, तो मी लिहून ठेवला होता: दादा विचारतो, “घेणार का?” त्यानं ती स्लाइड दोनदा पाहिली.

“ताई, हे चुकलंय. दादा विचारत नाही.”

“मग?”

“भरूनच देतो. विचारतो कुठे.”

त्यानं खुर्ची पुढे ओढली, ‘घेणार का?’ पुसलं, आणि चित्रकलेच्या बाईंना मुलाच्या हातात आधीच ग्लास काढायला सांगितला. खाली मोकळी चौकट तशीच ठेवली.

“आता इथून विचारा,” तो म्हणाला.